तुम्ही विचारलेत म्हणून: चिमूटभर कुटाने काय होते?

माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे कळले की नाशिकमधले आमचे नातेवाईक, शेजारी आणि तिच्या मैत्रिणींच्या आया बहुधा हेच विचारतात: चिमूटभर कूट पोटात गेले तर असे काय होते? विचारण्यात आपुलकी असतेच, आणि आईबाप जरा जास्तच घाबरतात अशी शंकाही असते.

ज्यांना दूध पचत नाही, त्यांना कपभर चहा चालतो आणि पेलाभर दूध बाधते, कारण दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर त्यांच्या आतड्यात कमी पडते. तिथे 'थोडे चालेल' हे म्हणणे योग्यच आहे. ॲलर्जीत तसे नसते. शेंगदाण्यातल्या काही प्रथिनांना शरीर शत्रू समजते, त्यांच्याविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडे आधीच तयार ठेवते, आणि ती प्रथिने पुन्हा आत आली की विशिष्ट पेशींमधून हिस्टामीन व इतर रसायने भराभर बाहेर पडतात. मग ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलटी होते. कधी घसा आवळतो, धाप लागते, रक्तदाब घसरतो. काहींना याला मिलिग्रॅममध्ये मोजावे इतके प्रथिनही पुरते, आणि मागच्या वेळी नुसत्या गांधी उठल्या म्हणून या वेळीही तेवढ्यावर निभावेल, असे धरून चालता येत नाही.

अडचण अशी की आपल्याकडे कूट हा पदार्थ मोजलाच जात नाही. साबुदाण्याची खिचडी आणि भगरीबरोबरची दाण्याची आमटी कोणालाही आठवते. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, एखाद्या भाजीचा दाटपणा मात्र विचारल्याशिवाय ध्यानात येत नाही. त्याहून फसवे असते ते मिक्सरचे भांडे. भांडे घासलेले असते, पण झाकणाच्या रबराखाली कुटाची बारीक कड तशीच राहते, आणि त्यात खोबऱ्याची चटणी वाटली जाते. फरसाणाच्या दुकानात दाणे आणि शेव एकाच कढईत तळले जातात. रिफाइंड तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. घाण्याच्या तेलात ती राहू शकतात, म्हणून ते आम्ही आणत नाही.

पाकिटावरची सूचना उपयोगी असते. भारतातल्या 2020 च्या लेबलविषयक नियमांत ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व बदाम-काजूंसारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट (पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) यांचा उल्लेख सक्तीचा केला गेला. त्या यादीत तीळ नाहीत, पण काहींना तिळाचीही ॲलर्जी असते. अमेरिकेने 2023 पासून तिळाचा उल्लेख बंधनकारक केला. म्हणून 'दाण्याऐवजी तीळ घाला' हा सल्ला आम्ही आमच्या मुलीपुरता, डॉक्टरांना विचारून स्वीकारला. दुसऱ्या मुलाला तो चालेलच असे नाही.

धाप लागली किंवा चक्कर आली, तर खाज कमी करणाऱ्या गोळीवर विसंबता येत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आणि लगेच रुग्णालय, हाच उपाय. जेवायला बोलावलेत, तर तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. कूट घालण्यापूर्वी तिच्या वाट्याचे काढून झाकून ठेवा, आणि कुटाचा डाव त्यात बुडवू नका.