उंबऱ्यावर बसू नये

परवा दुपारी जेवून जरा पाठ टेकली होती तर तिकडे रोबो केकाटायला लागला. तो झाडू मारणारा, गोल, नवऱ्याने हौसेने आणलेला. जाऊन बघते तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बूड अडकलेलं, तोंड खाली, चाकं हवेत गरागरा. आणि माझ्या पोटात एकदम गोळाच आला. हसू नका, अशा अवस्थेतल्या बोटीच्या बुडावर मी स्वतः उभी होते.

दादा-वहिनी बर्मिंगहॅमला असतात. एका उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा वहिनीने आठवडाभर नॅरोबोट भाड्याने घेतली, स्ट्रॅटफर्डच्या कालव्यातून जायचं म्हणून. बोट 57 फूट लांब आणि रुंदीला 6 फूट 10 इंच, लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली न्यायचा, दोन्ही टोकांना दारं असलेला हौद) 7 फुटांचं, म्हणजे दोन्हीकडे एकेक इंच. ताशी 4 मैलांच्या वर जायचं नाही, आम्ही तेवढेही कधी गेलो नसू, कारण काठावर कुत्रं फिरवणारे एक आजोबा आम्हाला मागे टाकून पुढच्या पुलावर आमची वाट बघत थांबायचे. ते पूलही गमतीचे. लोखंडी, आणि मधोमध चीर. बोट घोडा ओढायचा तेव्हा पुलाखालून घोड्यासाठी वाट काढायचा खर्च नको म्हणून ही फट, दोर त्यातून काढायचा की झालं. 1816 साली पूर्ण झालेला कालवा आहे आणि चिकटपणा थेट आमच्या आजोबांचा.

आमच्यासाठी कालवा म्हणजे नीरा डावा. बारामतीजवळच्या आजोळी आवर्तन सुटलं की आजोबा रात्री-बेरात्री टॉर्च घेऊन दारं धरायला, म्हणजे कालव्याचं पाणी शेतात वळवायला जायचे. हा शब्द वहिनीला माहीतच नव्हता, ती पडली पुण्यातली. इथे मात्र तिने आठवडाभर खरोखरची दारं धरली. लॉकच्या दाराला लांबच लांब लाकडी तुळई असते, तिला पाठ लावून, खरं तर पाठीच्या खालचा भाग लावून, पाय रोवून रेटायचं. दोन मिनिटं काही हलत नाही आणि मग अचानक लोण्यासारखं सरकतं.

बारीकसारीक भानगडी रोजच्याच. दुसऱ्या दिवशी पॅडल, म्हणजे लॉकमध्ये पाणी घ्यायची-सोडायची झडप, उघडायची लोखंडी किल्ली पाण्यात गेली, नशीब दोन दिलेल्या. तिसऱ्या दिवशी बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी गुंतलं, इंजिन बंद करून दादा मागचं झाकण उघडून पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात घालून अर्ध्या तासाने बाहेर काढली कुणाचीतरी पँट! चिंध्या झालेल्या, पण खिशाची चेन शाबूत. आणि सुकाणूचा दांडा, तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. हे मला शेवटपर्यंत जमलं नाही, मी दर वेळी आधी झुडपात आणि मग सॉरी.

विल्मकोटला ओळीने 11 लॉक उतरायचे होते. लॉकच्या वरच्या दाराशी पाण्याखाली एक कट्टा असतो, त्याला सिल म्हणतात, म्हणजे आपला उंबराच की. काठावर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे बोटीचं बूड, म्हणजे मागचं टोक ठेवायचं. कारण लॉकमधलं पाणी उतरतं, उंबरा जागचा हलत नाही. हे सगळं पहिल्या दिवशी सांगितलेलं, मी मान पण डोलावलेली. पण तिसऱ्या का चौथ्या लॉकला माझ्या हातात चहा होता, ऊन छान होतं, आणि बोट हळूच मागे सरकली ते मला कळलंच नाही. आधी खालून खर्रर्र आवाज. मग बोटीचं नाक खाली जायला लागलं आणि मी जिथल्या तिथे. आतून भांडी घसरल्याचा आवाज, पाठोपाठ मेतकुटाचा डबा. वहिनी वरून किंचाळली, "अगं मागे बघ, मागे!" आता मागे बघून मी काय करणार होते?

ते कुत्रंवाले आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, पॅडल बंद करा. वहिनी धावली, खालची पॅडल पाडली, मग वरची हळूहळू उघडून पाणी परत आत घेतलं, आणि दहा मिनिटांनी बोट अलगद तरंगली, जसं काही झालंच नाही. चहा अजून माझ्या हातातच होता, गार.

आजी आम्हाला उंबऱ्यावर टेकूसुद्धा द्यायची नाही. हिरण्यकश्यपूला तिथेच फाडला, एवढंच कारण सांगायची. आत ये नाहीतर बाहेर जा, मध्ये बसू नको. आणि स्वतः मात्र दुपारी भाजी निवडायला बरोब्बर तिथेच बसायची, का तर वारा येतो!

नवरा म्हणतोय उंबरा काढून टाकू, रोबोला त्रास होतो. मी नाही म्हटलंय, कारण विचारू नका. रोज उठून त्याला उचलून आत ठेवते. काल वहिनीला त्याचा व्हिडिओ पाठवला. तिचा लगेच रिप्लाय, "आधी पॅडल बंद कर."