मिस्टर टमनस की टमनसकाका?

सी. एस. लुईसच्या नार्निया नावाच्या जादुई देशाच्या गोष्टीतला मिस्टर टमनस मला त्यातल्या सिंहापेक्षाही जास्त आवडतो, आणि त्याला मराठीत काय म्हणायचं यावर मी बरेच दिवस विचार करतेय, कारण भाचीला पुस्तक मराठीत सांगत सांगत वाचून दाखवायचं म्हणजे काहीतरी म्हणावं तर लागणारच ना.

टमनस आहे फॉन. कमरेच्या वर माणूस, खाली बोकडाचे पाय आणि खूर, डोक्यावर दोन शिंगं, आणि शेपूट बर्फात लोळू नये म्हणून छत्री धरलेल्या हातावर टाकलेली. रोमन लोकांचा फॉनस हा रानाचा, शेताचा, कळपांचा देव, ५ डिसेंबरला त्याचा सण असायचा, हे फॉन त्याच्याच गोतावळ्यातले. आता सांगलीत वाढलेल्या पोरांना अर्ध्या माणसाचं काही नवल नाही, इथे गणपती आहे, तिकडे कोळे नरसिंहपूरला नरसिंह आहे, दक्षाला तर चक्क बोकडाचंच डोकं बसवलेलं. पण आपल्याकडे डोकं प्राण्याचं आणि खाली माणूस, फॉनचं बरोब्बर उलटं! भाचीने हे लगेच पकडलं. मला वाटतं या गोष्टीला ते उलटंच हवं होतं, चेहरा माणसाचा आहे म्हणून तर टमनस गोड बोलून फसवूही शकतो आणि ढसाढसा रडूही शकतो.

बर्फाच्या जंगलात छत्री आणि पार्सलं घेऊन चाललेला फॉन हे चित्र लुईसच्या डोक्यात वयाच्या १६व्या वर्षापासून होतं, पुस्तक आलं १९५० साली. म्हणजे सिंह नंतर आला, आधी हा. टमनस हे नाव कुठून आलं यावर वाचकांचे तर्क चालतात, त्यातला मला पटलेला तर्क म्हणजे व्हर्टुम्नस, रोमन लोकांचा ऋतू बदलणारा देव. रोमन कवी ओव्हिडने त्याची गोष्ट सांगितलीय, पोमोना नावाच्या फळबागेच्या देवीला भेटायला तो वेगवेगळी सोंगं घेतो, शेवटी म्हातारी बनून जातो आणि मग सोंग टाकून खरा उभा राहतो. आता टमनसकडे बघा, चहा, टोस्ट, केक, बासरी, सगळं लूसी नावाच्या लहान मुलीला झोपवून, नार्नियावर न संपणारा हिवाळा लादणाऱ्या चेटकिणीच्या ताब्यात द्यायला, आणि मग याला स्वतःलाच ते सहन होत नाही, भिंतीवर वडिलांचं चित्र आहे ते असं कधीच वागले नसते म्हणतो आणि रडत सगळं कबूल करतो. जिथे हिवाळा हलायलाच तयार नाही तिथे ऋतू बदलणाऱ्याचं नाव मिरवणारा हा, आणि त्या गोष्टीत सगळ्यात पहिला बदलतो तोच. लेखकाच्या मनात हे होतं का ते सोडा, नाव चपखल बसतं एवढं खरं.

म्हणून टमनस हे नाव मी बदललं नाही. अडलं ते मिस्टरपाशी. भाची पहिल्या पानापासून टमनसकाका म्हणायला लागली, आपल्याकडे रिक्षावालाही काका आणि दुकानदारही काका, त्यामुळे तिचं काही चुकत नव्हतं, पण काका म्हटलं की पोरं विश्वास टाकून मोकळी होतात आणि इथे तर एक अनोळखी माणूस लहान मुलीला घरी चहाला नेतोय, तो धोका जाणवलाच पाहिजे. नुसतं टमनस म्हणावं तर त्याचा तो गळ्यात लाल मफलर, घरात पुस्तकांचं कपाट असा सभ्य थाट जातो.

शेवटी मी असं केलं की त्याच्या गुहेतल्या घरी तो रडून खरं सांगेपर्यंत मिस्टर टमनस, आणि लूसीला परत दिव्याच्या खांबापर्यंत सोडायला निघाला की तिथून पुढे टमनसकाका. भाचीला मी काही समजावलं नाही, तिनेच विचारलं, मावशी आता का काका म्हणालीस, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, आता ते खरं बोलले म्हणून ना. पुढे त्यांना पकडून नेल्याचं कळलं तेव्हा तर ती माझ्यावरच भडकली, काकांना सोडवणार कोण ते आत्ता सांग, झोपणार नाही, आणि मग साडेअकरापर्यंत वाचत बसलो.