हेअर ट्रान्सप्लांटनंतर चारचौघांत वावरताना

शुक्रवारी ट्रान्सप्लांट, शनिवार-रविवार आराम, सोमवारी ऑफिस. बहुतेक जण सुट्टीचं गणित असं मांडतात आणि ते हमखास फसतं. शुक्रवारी संध्याकाळी चेहरा बऱ्यापैकी नेहमीसारखा असतो. टाळूत टोचलेलं सलाइन आणि भुलीचं औषध पुढच्या दोन-तीन दिवसांत हळूहळू खाली उतरतं: आधी कपाळावर, मग भुवयांवर आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळ्यांभोवती. म्हणजे सोमवारीच तोंड सगळ्यात जास्त सुजलेलं. काहींचे डोळे जेमतेम उघडतात. सुट्टी काढायची तर सलग दहा दिवसांची काढा, आणि व्हिडिओ कॉलसुद्धा पहिल्या आठवड्यात ठेवू नका.

सूज कमी करता येते, पूर्ण टाळता येईलच असं नाही. पहिल्या चार-पाच रात्री दोन-तीन उशा रचून डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवून झोपा. मानेखाली प्रवासात वापरतात ती यू आकाराची उशी घेतली की झोपेत कूस बदलून ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट बसवलेले केसांचे बारीक पुंजके, घासले जात नाहीत. बर्फ लावायचा तर रुमालात गुंडाळून, कपाळावर आणि गालांवर, एका वेळी दहा मिनिटं. बसवलेल्या केसांवर बर्फ कधीच नाही. सातव्या दिवसापर्यंत सूज बहुधा ओसरते. ती वाढत जात असेल, जागा गरम लागत असेल, ठणकत असेल किंवा ताप असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. त्वचा काळपट पडणं, पू किंवा दुर्गंधी येणं यालाही तोच नियम.

सूज उतरते तोवर खपल्या दिसायला लागतात, आणि लोकांच्या डोळ्यांत भरतात त्या याच. प्रत्येक ग्राफ्टभोवती रक्ताचा बारीक ठिपका वाळून खपली धरते. दोन-अडीच हजार ग्राफ्ट म्हणजे तितकेच तपकिरी ठिपके. त्या नीट भिजवल्या नाहीत तर तीन-तीन आठवडे चिकटून बसतात; घाईने खरवडल्या तर ग्राफ्ट उपटून येतो. धुणं कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतात, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. रीत अशी: बेबी शॅम्पूचा फेस तळहातावर करायचा, तो नुसता टेकवत टेकवत पसरायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि कोमट पाणी मगाने जवळून हळू ओतायचं. शॉवरची धार नको. टॉवेलने पुसायचं नाही. आपोआप वाळू द्यायचं. आठव्या-दहाव्या दिवसापासून फेस असतानाच बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, हलके गोल फिरवायचे. त्या सुमारास मुळं पक्की धरलेली असतात आणि भिजलेल्या खपल्या आपसूक सुटतात. बारा-चौदा दिवसांत डोकं स्वच्छ दिसायला हवं.

खपलीबरोबर केसही निघून आला की घाबरगुंडी उडते. नीट बघा. केसाच्या टोकाला नुसता पांढरट ठिपका असेल आणि रक्त आलं नसेल, तर फक्त केस गळलाय, मूळ आत शाबूत आहे. ग्राफ्ट खरोखर निघाला तर त्या जागी ताजं रक्त येतं. तसं झालं तर स्वच्छ गॉजने पाच-दहा मिनिटं अलगद दाबून धरा आणि दवाखान्यात कळवा. दोन-चार ग्राफ्ट गेले म्हणून निकालात फरक दिसत नाही. पण टाळू काही आठवडे बधिर असते, त्यामुळे खरचटलेलं कळतच नाही. गाडीच्या दाराची वरची कड, किचनमधलं उघडं कपाट, लोकलमधल्या टांगत्या कड्या: बहुतेक टकरा इथेच होतात.

एफयूई, म्हणजे मागचे केस एकेका मुळासकट वेगवेगळे काढायची पद्धत, करताना बहुधा अख्खं डोकं मशीनने उतरवतात. आपल्याकडे तुळतुळीत डोकं दिसलं की पहिला प्रश्न असतो, "घरी कोणी गेलं का हो?" मग काही जण तिरुपतीला जाऊन आल्याचं ठोकून देतात. खपल्या आणि लालसर कपाळ असताना ही थाप टिकत नाही. डोकं साफ झाल्यावर, म्हणजे दोन आठवड्यांनंतर कदाचित चालेल. त्यापेक्षा "डोक्यावर छोटी प्रोसिजर झालीय, जपायला सांगितलंय" एवढं पुरतं. मागच्या बाजूला पंचची, म्हणजे केस काढायच्या गोल पात्याच्या हत्याराची, बारीक गोल भोकं असतात, ती आठवडाभरात बुजतात आणि केस चार-पाच मिलिमीटर वाढले की दिसत नाहीत. केस लांब असतील तर मागची फक्त एक पट्टी भादरून वरचे केस तिच्यावर सोडता येतात का, हे आधीच विचारून घ्या. एफयूटीमध्ये, म्हणजे मागून कातडीची केसांसकट एक पट्टीच कापून घेतात त्या पद्धतीत, वरचे केस टाके पहिल्या दिवसापासून झाकतात, पण आडवा व्रण कायमचा राहतो, त्यामुळे पुढे कधीच अगदी बारीक कट मारता येत नाही.

टोपी चालते, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. सैल बकेट हॅट किंवा मागे पट्टा असलेली कॅप, तीही समोरून मागे न ओढता वरून ठेवायची. घट्ट लोकरी टोपी आणि हेल्मेट पहिले दोन आठवडे नकोच. हेल्मेट नाही म्हणजे दुचाकीही नाही. रिक्षा किंवा बस पकडा. कपडे पुढून बटणं असलेले घाला, टी-शर्ट डोक्यावरून काढताना ग्राफ्ट ओढले जातात. गुलाल आणि होळीचे रंग निदान महिनाभर लांब ठेवा. हेअर डाय आणि मेंदीचंही तेच.

इथपर्यंतची तयारी सगळे करतात. खरा कस लागतो तो त्यानंतर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बसवलेले केस गळू लागतात आणि दोन महिन्यांत बहुतेक जातात. मूळ विश्रांतीच्या अवस्थेत गेलेलं असतं, मेलेलं नसतं. पण आजूबाजूचे जुने केसही शॉक लॉसमुळे, म्हणजे शस्त्रक्रियेच्या धक्क्याने, गळू शकतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणूस ट्रान्सप्लांटच्या आधीपेक्षा विरळ दिसतो. सुट्टी संपलेली, टोपीचं निमित्त संपलेलं आणि आरशात पैसे पाण्यात गेल्यासारखं चित्र. जुने केस बहुतेक परत येतात. जे आधीच खूप बारीक झाले होते त्यांची मात्र खात्री नाही.

या काळात सगळ्यात उपयोगी पडतो तो बारीक कट. बाजूचे केस दाट आणि लांब असले की मधली मोकळी जागा उठून दिसते. बाजू आणि मागचा भाग दोन नंबर गार्डने, म्हणजे ६ मिलिमीटरवर आणा. डॉक्टर हो म्हणाले की तिसऱ्या आठवड्यानंतर तिथे मशीन चालते. बसवलेल्या भागावर निदान महिनाभर फक्त कात्री. खुर्चीत बसल्या बसल्या न्हाव्याला बजावा की चंपी नको. नाहीतर कट झाला की सवयीने डोक्यावर हात पडतोच.

केराटिनचे हेअर फायबर चौथ्या आठवड्यानंतर, त्वचा पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच वापरा. ते स्थिर विजेने असलेल्या केसांना चिकटतात, त्यामुळे साफ मोकळ्या टाळूवर काजळी सांडल्यासारखे दिसतात. म्हणून कपाळाच्या रेषेवर न टाकता मागे, जुन्या केसांच्या मध्ये टाका. रंग आपल्या केसांचाच निवडा, आणि रात्री शॅम्पूने काढून झोपा. घामाच्या दिवसांत ते कॉलरवर उतरतात, तेव्हा पांढरा शर्ट नको. गोंदाने किंवा क्लिपने बसणारे पॅच बसवलेल्या भागावर लावू नका. ओढ बसते आणि त्वचा बिघडते.

लालसरपणा गोऱ्या त्वचेवर काही महिने गुलाबी दिसतो, सावळ्या त्वचेवर काळपट डाग राहू शकतो. उन्हाने तो गडद होतो. महिनाभर छत्री किंवा सैल टोपी, त्यानंतर डॉक्टरांना विचारून सनस्क्रीन. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात काहींना बारीक फोड येतात, नवे केस त्वचेतून वर येताना ते होतं. फोडू नका, कोमट फडक्याने शेका, खूप असतील तर दाखवा.

लग्न ठरलं असेल तर तारीख मागे मोजा. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवू लागतात, तेही पातळ आणि थोडे कुरळे. सहाव्या महिन्यात फरक जाणवतो, बाराव्यापर्यंत बऱ्यापैकी पूर्ण होतो. डिसेंबरच्या लग्नासाठी ऑक्टोबरमध्ये ट्रान्सप्लांट करणं म्हणजे बोहल्यावर नेमकं सगळ्यात विरळ डोकं घेऊन उभं राहणं. आदल्या हिवाळ्यातच उरकून घ्या. टाळूच्या मधला भोवरा सगळ्यात सावकाश भरतो. तिथल्या केसांचा हिशोब दीड वर्षाआधी करू नका.