आमची वाटचाल: दुधाचं बिल आणि ओआरएम

२०१८ साली गडहिंग्लजला एका गाळ्यात आम्ही दोघांनी सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या गावातली दूध संस्था. सकाळ-संध्याकाळचं संकलन, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांनी सभासदाचं बिल. आम्ही जँगो (पायथनमध्ये वेब-सॉफ्टवेअर बांधायची चौकट) आणि पोस्टग्रेस (नोंदी साठवायचा डेटाबेस) घेतलं. ओआरएम (आपल्या पायथन कोडवरून डेटाबेसची भाषा, म्हणजे एसक्यूएल, स्वतः लिहिणारा जँगोचा भाग) आहे म्हणजे एसक्यूएलकडे बघायला नको, हा आमचा सोयीस्कर समज.

पहिल्याच बिलाला फजिती झाली. सभासदांच्या यादीवर एकाच ॲनोटेटमध्ये (प्रत्येक ओळीला हिशेबाचा रकाना जोडणारी सोय) दोन बेरजा मागितल्या होत्या, दुधाची रक्कम आणि कपात. आमच्या चाचणीतल्या सभासदांना कपातच नव्हती, त्यामुळे आकडे चोख. प्रत्यक्षात एकानं पशुखाद्याचं १,७०० रुपयांचं पोतं नेलं होतं. दूध १०,००० रुपयांचं, बिल आलं उणे २४,०००! सचिव फोनवर म्हणाले, "आता म्हैस आणून तुमच्या हापिसात बांधू काय?"

त्या रात्री पहिल्यांदा क्वेरीसेटमधली (कोडमध्ये मांडलेल्या मागणीतली) क्वेरी, म्हणजे डेटाबेसला जाणारं एसक्यूएल, प्रिंट करून वाचली. दहा दिवसांत दुधाच्या वीस नोंदी, कपातीची एक. दोन्ही टेबलं एकाच जॉइनमध्ये (जोडणीत) आली, की कपातीची ओळ वीसदा येते. पोती दोन असती तर दूधही दुप्पट दिसलं असतं. घाईत डिस्टिंक्ट (सारख्या किमती एकदाच धरायची खूण) लावलं. ते मोजणीला चालतं, बेरजेला घातक. दोन वेळची रक्कम सारखी निघाली की ती एकदाच धरली जाते. मग शेतकरी खरोखरच म्हैस घेऊन आला असता. शेवटी आउटररेफ (बाहेरच्या क्वेरीतल्या सभासदाकडे बोट दाखवणारा दुवा) घालून दोन वेगळ्या सबक्वेरी (क्वेरीच्या आतल्या क्वेरी) केल्या, प्रत्येक बेरीज आपापल्या टेबलात. (जँगोच्या दस्तऐवजात हा इशारा ठळक दिलाय. आम्ही तो नंतर वाचला.)

पुढं संस्था वाढल्या तशी छपाई रखडायला लागली. सहाशे सभासदांची बिलं काढताना प्रत्येकाच्या नोंदींसाठी वेगळी क्वेरी जायची, म्हणजे सहाशे एक. प्रीफेच (सगळ्यांच्या नोंदी एकदमच आणायची सोय) लावल्यावर दोनच उरल्या, पण ते सगळ्या वर्षाच्या नोंदी मेमरीत ओढायचं. म्हणून प्रीफेचला त्या दहा दिवसांपुरता गाळलेला क्वेरीसेट दिला. आणखी एक खोच तारखेची. नोंदीच्या वेळेवर 'डेट' लुकअप (फक्त तारखेवरून गाळायची अट) लावला, की जँगो आधी वेळेचा टाइमझोन बदलून मग तारीख काढतं, आणि त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स (जलद शोधायची सूची) पडून राहतो. पहिल्या दिवसाच्या शून्य तासापासून अकराव्या दिवसाच्या शून्य तासाच्या आतपर्यंत, अशी वेळेची हद्द दिल्यावर एक्स्प्लेनमध्ये (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी आज्ञा) इंडेक्स वापरात दिसला.

ही सगळी गाळणी-जोडणी आम्ही एका क्वेरीसेट क्लासमध्ये ठेवलीय. नव्या मुलानं व्ह्यूमध्ये (पानाची विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) बेरीज लिहिलेली दिसली की मी ती परत पाठवतो, त्यावर कुरकुर होते. मध्ये एकदा सगळंच कच्च्या एसक्यूएलमध्ये लिहायची टूम निघाली होती, पण एक रकाना बदलला की चार ठिकाणी स्ट्रिंग शोधत बसणं कुणी सांगितलंय? कच्चं एसक्यूएल आता फक्त दोन वार्षिक अहवालांत आहे.

नवी आवृत्ती आली की पहिलं बिल अजूनही त्याच सचिवांकडे जातं. ते चष्मा लावतात, कॅल्क्युलेटर काढतात, आणि कपातीच्या रकान्यापासून सुरुवात करतात.