काउंटरवर कोण बसलंय?

'सिंटॅक्स एरर, रीडायरेक्शन अनएक्स्पेक्टेड.' जेवण होऊन पंख्याखाली जरा आडवं व्हावं म्हणतोय तोवर बेळगावातल्या वडगावच्या साडीवाल्या अण्णांचा फोन, आणि मागोमाग व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा वाकडा फोटो, त्यात ही ओळ. "परवापर्यंत चालत होतं की ओ, अपग्रेड केल्यापासून असं करायलंय." अपग्रेड म्हणजे काय तर दुकानातल्या जुन्या डब्यावर, म्हणजे कॉम्प्युटरवर, सेंटओएस सात हे लिनक्स होतं, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला, तरी ते बिचारं मुकाट चालत होतं, मग कुणीतरी भीती घातली आणि अण्णांनी ओळखीच्या पोराला बोलवून उबुंटू हे दुसरं लिनक्स टाकून घेतलं. स्क्रिप्ट, म्हणजे मशीननं ओळीनं पाळायच्या हुकमांची फाईल, मात्र जुनीच, लिहिणारा कधीचा बेंगळुरूला गेलाय.

मला एरर मोठ्यानं वाचायची खोड आहे. वाचली की अर्धी सुटते असं माझं मत, भिंतीला काय सांगतोयस असं बायकोचं. तर वाचली, आणि झोपेचं खोबरं झालं.

स्क्रिप्टचं काम साधं. रोज रात्री स्टॉकची फाईल ओळीओळीनं वाचायची, प्रत्येक ओळ तीन लेसदॅनची खूण (<<<) लावून 'रीड' या हुकमाला द्यायची, तो तिचे तुकडे करणार, डिझाईन नंबर, रंग, नग. आता स्क्रिप्टमधले हुकूम वाचून पाळणारे दोन प्रोग्राम, बॅश आणि डॅश. ही तीन लेसदॅनची खूण बॅशला येते, डॅशला येत नाही. आणि उबुंटूवर एसएच या सरसकट नावानं हाक मारली की ओ देतो तो डॅश. २००६ साली उबुंटूचं ६.१० व्हर्जन निघालं तेव्हापासून त्यांनी त्या खुर्चीवरनं बॅशला उठवून डॅशला बसवलंय, कारण तो अंगानं हलका, मशीन सुरू होताना ढीगभर बारक्या स्क्रिप्टा पळतात तिथं वेळ वाचतो. पुढं डेबियन या लिनक्सनंही २०११ मध्ये तेच केलं. सेंटओएसवर मात्र एसएच म्हटलं तरी आत बॅशच. म्हणजे पाटी तीच, गल्ल्यावरचा माणूस वेगळा. डॅशला नावं ठेवण्यात अर्थ नाही, पॉझिक्स या सामायिक नियमावलीत जेवढं लिहिलंय तेवढं तो इमानेइतबारे करतो, ही तीन लेसदॅनची चैन त्यात नाहीच.

गल्ल्यावरचा माणूस म्हटल्यावर मला शहापूरच्या खडेबाजारातलं किराणा दुकान आठवलं. आमच्या आज्जीचा तोंडी निरोपावर विश्वास नव्हता, पोरं वाटेत विसरतात म्हणून ती चिठ्ठी लिहून द्यायची. कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू, वर 'श्री. सावकार यांस', खाली यादी. वजनं जुन्या पद्धतीनं, एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, एकावर दोन रेघा म्हणजे दीड. सावकार चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठी अगदी नाकाशी धरायचे, वाचता वाचताच आत हाळी द्यायचे आणि पुड्या बांधून व्हायच्या. दोऱ्याचं रीळ वर छताला टांगलेलं असायचं, तिथनं दोरा खाली यायचा, पुडीला दोन वेढे आणि बोटाच्या एका हिसक्यात तुकडा. तो हिसका मी घरी जाऊन पुष्कळ करून बघितला, बोट कापतं नुसतं.

तर एकदा सावकार कुठं लग्नाला गेलेले आणि गल्ल्यावर त्यांचा भाचा बसलेला, बैलहोंगलकडचा, शाळा सगळी कन्नडात झालेली. दादानं चिठ्ठी दिली. त्या पोरानं 'साखर' एवढं कुणाला तरी विचारून घेतलं, पुढच्या दोन रेघा बघितल्या आणि इंग्रजीतले अकरा समजून अकरा किलो साखर मापली. काही विचारलं नाही, कुरकुर नाही, हमालाच्या सायकलवर पोतं घरी पोच. आज्जीनं ते दारात बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "चिठ्ठी कुणाच्या हातात दिलीस?" दादा म्हणाला, जो बसलाय त्याच्या. त्यावर जे काय झालं ते इथं लिहीत नाही, साखरेचं मात्र पुढं बरेच दिवस रव्याचे लाडू झाले.

अण्णांच्या इथंही नेमकं हेच. मी एनीडेस्कवरून, म्हणजे घरूनच, त्यांच्या मशीनमध्ये शिरलो आणि आधी स्क्रिप्टची पहिली ओळ बघितली, ती कुणी वाचायची ते तिथं लिहितात. तिथं बॅशचं नाव चांगलं ठळक लिहिलेलं! मग डॅश आला कुठनं? क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांची, यादी उघडली तर त्यात स्क्रिप्टच्या आधी एसएच लावून ठेवलेलं. असं नाव घेऊन बोलावलं की पहिल्या ओळीला कुणी विचारत नाही, ती नुसती शेरा म्हणून पडून राहते. 'सावकार यांस' लिहून काय उपयोग, चिठ्ठी भाच्याच्या हातात.

ते एसएच खोडून बॅश लिहिलं, हातानं चालवून बघितली, पळाली. अण्णा म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय?" या वाक्याचा मला मनापासून राग आहे, कारण त्यानंतर पैशाचा विषय काढता येत नाही.

पण जाता जाता लॉगच्या, म्हणजे कामाच्या नोंदींच्या, फोल्डरात डोकावलो. एका दुसऱ्याच स्क्रिप्टची, बॅकअपची, लॉग फाईल शून्य बाइटची. रोज रात्री नव्यानं तयार होतेय आणि रिकामी. तीही स्क्रिप्ट एसएचच्याच हातात, आणि तिच्यात अँडची खूण आणि त्याला चिकटून ग्रेटरदॅन (&>). बॅशला याचा अर्थ, जे काय बोलायचंय ते, चुका धरून, या फाईलीत लिही. डॅश हे दोन वेगळे हुकूम धरतो. अँड दिसला की काम मागं ढकलून पुढं निघतो, आणि ग्रेटरदॅन दिसला की फाईल साफ करून ठेवतो. एरर नाही, काही नाही. बॅकअप संपायच्या आत पुढची ओळ सुरू. ओरडणारी स्क्रिप्ट परवडली, ही अकरा किलो मापून मोकळी होते.

आपल्याकडं माणूस असं करत नाही. बेळगावात कुठल्याही काउंटरला गेलं, बँक असो की लाईट बिल, आधी समोरचं तोंड बघायचं, मग मराठी काढायचं की कन्नड ते ठरवायचं, आणि अंदाज चुकला तर अर्ध्या वाक्यात गाडी वळवायची. हे कुणी शिकवलेलं नसतं. स्क्रिप्टला तोंड बघता येत नाही, ती आपलं लिहिलेलं वाचून दाखवते.

अण्णांना म्हटलं, बाकीच्या स्क्रिप्टापण एकदा बघायला पाहिजेत.

"त्या चालायल्यात की सगळ्या. कुठं एरर दिसंना."

म्हटलं तेच बघायचंय. सोमवारी येतो म्हणालो होतो, सोमवारी काही जमलं नाही, आणि मग गणपती आले.