आमची वाटचाल : साडेसोळा फुटांची गल्ली

वडिलांनी १९७८ साली मुंबईत ठाकूरद्वारला मंडपाचा धंदा सुरू केला तेव्हा भांडवल होतं ६० बांबू, दोन पहारी आणि भाड्याची हातगाडी. पुढच्या तीसेक वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. गणपती, नवरात्र, लग्नं, बारशी. सगळं गल्लीत नाहीतर चाळीच्या अंगणात. पैसे वेळेवर यायचे.

काम सरळ होतं. पहारीने दीड फूट खड्डा, त्यात बांबू, बाजूने दगड ठोकायचे आणि आडवे बांबू भिजवलेल्या काथ्याने आवळायचे. गाठ मारताना वडील कुणाशी बोलत नसत. नायलॉनची दोरी त्यांनी गोदामात येऊ दिली नाही, मीही देत नाही. पावसात ती सरकते. या धंद्यात नव्याने पडणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.

मग रस्ते सिमेंटचे झाले आणि खड्ड्यांच्या दंडाची भीती बसली. दर खड्ड्याला २,००० रुपये. २०२५ मध्ये तो १५,००० केला, मंडळांनी ओरड केल्यावर पुन्हा २,००० वर आणला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. विसर्जनानंतर खड्डे बुजवायला किती जण परत यायचे ते आम्हाला ठाऊक आहे. पण बांबू उभा कशात करायचा? आम्ही २०० लिटरची पिंपं आणून त्यांत वाळू भरली. खड्ड्यातला बांबू चार बोटं जागा खातो, पिंप दोन फूट. साडेसोळा फुटांच्या गल्लीत दोन्ही बाजूंचे मिळून चार फूट गेले. रस्ता वाचवायला गेलो आणि रस्ताच कमी झाला. त्याच गल्लीत दोन्ही अंगांना गाड्या बारा महिने उभ्या असतात, त्यांना कुणी टेप लावत नाही. मंडप अकरा दिवसांचा, पण वाट अडवतो तो आम्हीच!

खरा फटका मेट्रो तीनच्या कामाने दिला. रस्त्याला पत्रे लागले, आमच्या दोन मंडळांची जागा पत्र्यांच्या आत गेली. तेवढ्यात आमच्याचकडे गाठ शिकलेल्या एकाने लोखंडी ट्रस, म्हणजे जोडून उभा करायचा तयार सांगाडा, आणला. त्याची ऑफर अशी की मंडप फुकट, कमानीवरच्या जाहिराती त्याच्या. वडिलांच्या काळापासूनचं मंडळ एका मीटिंगमध्ये गेलं. नऊपैकी पाच मंडळं दोन वर्षांत गेली. मला राग ट्रसचा नाही. बाप्पाच्या आधी साबणाची जाहिरात दिसते, आणि त्याला कुणी अडथळा म्हणत नाही, याचा आहे.

एकेक मंडळ जात होतं तेव्हा एका चाळीचे खजिनदार काका आमच्याकडेच राहिले. रस्त्यावर जागा नाही तर अंगणात घालू, म्हणाले. अंगणात अकरा गाड्या उभ्या होत्या. काका घरोघरी गेले, दोघांशी भांडले, एकाशी अजून बोलत नाहीत. पण चतुर्थीच्या आठ दिवस आधी अंगण मोकळं होतं. त्या वर्षी गोदामाचं भाडं त्यांच्या ॲडव्हान्समधून गेलं.

२०२० साली सार्वजनिक मूर्ती चार फुटांची ठरली आणि मंडप आठ बाय आठचा झाला. त्याआधी एप्रिलमध्ये मात्र बांबूला अचानक मागणी आली होती. गल्ल्या बंद करायला. ज्या तोंडावर आम्ही कमान उभारायचो, तिथेच आडवे बांबू बांधून लोकांना आत कोंडलं. गाठ तीच. त्या कामाचे निम्मे पैसे आजही बाकी आहेत. सरकारी काम घ्याल तर आधी कागद घ्या, मग पहार उचला.

मेट्रो स्टेशन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. काकांची चाळ तोपर्यंत पाडून झाली होती. नव्या टॉवरचं अंगण तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली तीन मजले गाड्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग बिघडेल म्हणून कमिटीने भोक पाडायला बंदी केलीये, आणि वाळूच्या पिंपांचं वजन चालेल का, ते आर्किटेक्टला विचारावं लागणार आहे. काकांचा परवा फोन आला, "टेप घेऊन ये, आणि त्या कमिटीवाल्यांशी तू बोलू नकोस, मी बोलतो."

लिफ्टमध्ये बांबू मावत नाही. जिन्याचं वळण मोजून आलोय, नऊ फुटांपर्यंतचा वर जाईल.