बत्तिसातला एक

19 फेब्रुवारी 2025, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. चौकातल्या स्पीकरवर साडेसातपासून एकच पोवाडा फिरून फिरून लागतोय, त्यामुळे जास्त झोपावं की नाही हा प्रश्न उरलाच नाही. चहाच्या वेळी ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता जाहीर केलं, "22 डिसेंबर 2032 ला पृथ्वीवर लघुग्रह आदळणार."

"आदळणार, की आदळू शकतो?" पंचवीस वर्षं हिशेब खात्यात काढली आहेत. 'आले' आणि 'येणे बाकी' यांतला फरक मला झोपेतही कळतो.

"3.1 टक्के. बत्तिसात एक."

आईंचं म्हणजे सासूबाईंचं मारी बिस्कीट चहात बुडायच्या बेतात होतं. ते शिताफीने वाचवून त्या म्हणाल्या, "बत्तिसात एक म्हणजे तोंडातल्या दातांपैकी एक. मग मला कायची भीती? माझे अकराच उरलेत."

पेपर ओढून घेऊन मी बातमी वाचली. लघुग्रहाचं नाव 2024 वायआर4. चिलीमधल्या अॅटलास दुर्बिणीला तो 27 डिसेंबरला दिसला. रुंदी 40 ते 90 मीटर, म्हणजे आमच्या अर्धवट बांधून ठेवलेल्या टॉवरएवढा. धोक्याचा एक लांबलचक पट्टा आखलाय: पूर्व पॅसिफिक, दक्षिण अमेरिकेचा वरचा भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि मग आपण. शहरांच्या यादीत मुंबई आहे.

"डोंबिवली मुंबईत धरतात का?" ह्यांनी विचारलं.

"बिल्डरच्या जाहिरातीत धरतात."

मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. रिडेव्हलपमेंटमध्ये जादा जागेसाठी आम्ही जे कर्ज काढलंय, त्याचा शेवटचा हप्ता 5 डिसेंबर 2032 चा आहे. म्हणजे सगळं कर्ज व्याजासकट फेडून झाल्यावर बरोबर सतरा दिवसांनी दगड येणार. विश्वात कुठेतरी बँकेचा माणूस बसलेला असणार याबद्दल माझी खात्री झाली.

आईंना मात्र या बातमीचं कौतुक नाही. त्यांचं माहेर मेहकर, तिथून लोणार हाकेच्या अंतरावर. शाळेत शिकवत होत्या तेव्हा दर हिवाळ्यात सहल तिकडेच. पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा, तोही काळ्या बेसॉल्ट दगडात पडलेला. "आमच्याकडे येऊन गेलाय एक," त्या म्हणाल्या, जसं काही जावई येऊन गेला. "पोरांना दोन्ही सांगायची मी. विज्ञानाच्या तासाला उल्का, आणि देवळात नेलं की लोणासुर. विष्णूने मारला त्याला. दैत्यसूदनाचं देऊळ आहे न तिथं." कुठल्या तासाला कुठलं उत्तर लिहायचं हे पोरांना बरोबर कळायचं म्हणे.

21 फेब्रुवारी

मायक्रोसॉफ्टने मायोराना नावाची क्वांटम चिप काढली. तिच्यावर आठ क्यूबिट (क्वांटम संगणकाचे बिट) आहेत, पुढे दहा लाख मावतील असं म्हणतात. पदार्थाची नवी अवस्था सापडल्याचाही दावा आहे आणि अनेक भौतिकशास्त्रज्ञ त्यावर नाक मुरडतायत. मला यातलं ओ की ठो कळलं नाही, पण नावाची गोष्ट आवडली. एत्तोरे मायोराना हा इटलीचा शास्त्रज्ञ 1938 मध्ये पालेर्मोहून नेपल्सच्या बोटीत बसला आणि गायब झाला, पुन्हा कधी सापडलाच नाही. त्याच्या नावाचा कणही तसाच, कोणी म्हणतं दिसला, कोणी म्हणतं तो दुसराच कोणीतरी होता. आमच्या साइटवरच्या इंजिनिअरला हे नाव शोभलं असतं.

25 फेब्रुवारी

लघुग्रह बारगळला! 3.1 वरून दीड, दीडवरून 0.28, आणि आता 0.004 टक्के. ह्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण ते चिडले. "हे काय शास्त्र झालं? आठवडाभर वाढवत नेलं आणि मग एकदम भाव पाडला. शेअर बाजार आहे का?"

वाढला का आणि पडला का हे मी दोनदा वाचलं. समजलं असं वाटलं, पण सांगायला गेले तर तोंडातून "म्हणजे बघा ना" यापुढे काही निघेना. शेवटी आईंनीच सोडवलं, आणि ते असं सोडवलं की मी जेवण बाजूला ठेवून इथे लिहायला बसलेय.

"माझा चष्मा हरवतो की नाही," त्या म्हणाल्या, "तेव्हा तो घरात दहा ठिकाणी असू शकतो. देवघर त्यातलं एक. मग तू स्वयंपाकघर पाहतेस, तिथं नाही. बाथरूममध्ये नाही. पलंगाखाली नाही. जागा कमी होत जातात तसतसा देवघराचा नंबर वर चढतो. शेवटी दोनच जागा उरतात तेव्हा आपण म्हणतो, देवघरातच असणार, आणि तेवढ्यात तो माझ्या डोक्यावर सापडतो."

बरोब्बर हेच! लघुग्रह 2032 मध्ये कुठे असेल याचा आधी एक लांबच लांब पट्टा होता आणि त्या पट्ट्यात पृथ्वी हा एक ठिपका. दुर्बिणींनी जास्त दिवस पाहिलं तसा पट्टा आखडत गेला. जोवर ठिपका पट्ट्याच्या आत होता तोवर त्याचा वाटा वाढतच जाणार होता. मग पट्टा अजून आखडला आणि पृथ्वी बाहेर पडली. भाव कोणी पाडला नाही, चष्मा डोक्यावर होता.

चंद्रावर आदळायची शक्यता मात्र अजून शिल्लक आहे, 1.7 टक्के. आईंनी विचारलं, "तिथं कोणाची सोसायटी पाडून ठेवलेली नाही न?"

28 फेब्रुवारी, विज्ञान दिन

सोसायटीच्या ग्रुपवर (सोसायटी आता फक्त ग्रुपवरच आहे, इमारत पाडून चार वर्षं झाली) सकाळपासून एकच चित्र फिरतंय, सात ग्रह लगोरीसारखे एकावर एक. 'आज रात्री आकाशाकडे पाहा, हा योग पुन्हा नाही.' भाड्याच्या घराच्या गच्चीला कुलूप असतं म्हणून आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. पश्चिमेला शुक्र झळझळीत, डोक्यावर गुरू, त्याच्या पलीकडे तांबूस मंगळ. शनी आणि बुध सूर्याला चिकटलेले, ते मेट्रोच्या खांबांमागे मावळले असावेत. युरेनस-नेपच्यून दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत. म्हणजे सातांपैकी तीन. तरी ह्यांनी फोटो काढलाच, त्यात एक पथदिवा आला आणि ग्रुपवर तोच गुरू म्हणून खपला.

सगळे ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच सपाटीत फिरतात, तेव्हा ते आकाशात एकाच पट्ट्यात दिसणारच. ताटातली बोरं ताटातच गडगडणार. हे मी ग्रुपवर लिहिलं. एक अंगठा आला, तोही ह्यांचा.

5 मार्च

टेक्सासच्या कलॉसल कंपनीने लोकरी उंदीर तयार केले. मॅमथ, म्हणजे नामशेष झालेला केसाळ हत्ती, परत आणायचाय, म्हणून आधी मॅमथसारखे केस उंदराला लावून पाहिले. जनुकं बदलली, सोनेरी, लांब, कुरळ्या केसांची पिल्लं जन्माला आली. फोटोत दिसायला गोड आहेत हे नाकारता येत नाही. शेवटचे मॅमथ रँगेल बेटावर साधारण चार हजार वर्षांपूर्वी संपले, आणि त्यांच्या वतीने आता उंदीर थंडीला तयार. आई म्हणाल्या, "हत्ती करायला निघाले अन् उंदीर झाला." ह्यांना त्या केसांचं जनुक डोक्यावर चालेल का, एवढंच जाणून घ्यायचं होतं. मी बातमी मिटवली.

7 मार्च

आज जरा जास्त लिहिणार, कारण आज आई बातमीवर पहिल्यांदा गप्प झाल्या.

परवाच्या रविवारी ब्लू घोस्ट नावाचं खासगी यान चंद्रावर व्यवस्थित उतरलं होतं. त्यामुळे काल रात्री अकराच्या सुमाराला अथीना नावाचं दुसरं खासगी यान उतरणार म्हणून ह्यांनी लॅपटॉप मांडला, आईंची खुर्ची समोर ओढली. यान उतरलं, पण समोरचे लोक टाळ्या वाजवेनात. कोणीच धड काही सांगेना. सकाळी कळलं, ती आडवी पडलीय. ठरलेल्या जागेपासून सुमारे 250 मीटरवर, एका थंडगार खड्ड्यात. रिक्षावाल्याने मला याहून लांब सोडलंय, तेव्हा अंतराबद्दल माझी तक्रार नाही. पण सौर पट्ट्या भलत्या दिशेला, बॅटरी रिकामी होत गेली आणि आज खेळ आटोपल्याचं जाहीर झालं. तिच्यात नोकियाची फोर-जी यंत्रणा होती, ती म्हणे जेमतेम पंचवीस मिनिटं चालली. आमच्या स्वयंपाकघरातल्या रेंजपेक्षा बरीच जास्त.

अथीना बनवणाऱ्या कंपनीचं गेल्या वर्षीचं यानही असंच कलंडलं होतं. मी सहज म्हटलं, "एकदा पडल्यावर पाय नीट बघायला नकोत का?" आणि जीभ चावली.

आई 26 जानेवारीला बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं ऑपरेशन 28 ला झालं. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे वॉकर. त्यांनी कालनिर्णयवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली, ती चालू आहे.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "उंच होती का गं ती?"

होती. पावणेपाच मीटरच्या आसपास, उभट, टेलिफोनच्या जुन्या बूथसारखी. ब्लू घोस्ट दोन मीटर उंच आणि साडेतीन मीटर रुंद, बसकं, पाय फाकवून बसलेल्या बेडकासारखं. मी दोघांचे फोटो दाखवले.

"मग पडणारच," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात परत जीव आला. "तो फिजिओवाला पोरगा मला रोज काय ओरडतो? आजी, पाय लांब ठेवा, आजी, खाली वाका, मग उचला. त्या अमेरिकेच्या लोकांना एक फिजिओ ठेवता येत नाही?"

ह्यांना चेव चढला. त्यांनी आपल्या चांद्रयानाचं विक्रम काढलं. 2019 मध्ये आपटल्यावर इस्रोने पाय जास्त भक्कम केले, जास्त वेगाचा धक्का सोसेल असे, आणि 23 ऑगस्ट 2023 ला ते चारी पायांवर उभं राहिलं. वर दहा-बारा दिवसांनी तिथल्या तिथे 40 सेंटीमीटर उडीही मारून दाखवली. आईंनी तो व्हिडिओ दोनदा बघितला. उडी मात्र फिजिओला सांगू नकोस, म्हणाल्या.

14 मार्च, धुळवड

आज खग्रास चंद्रग्रहण होतं, पण आपल्याकडे दुपारी, म्हणजे चंद्र जमिनीखाली असताना. त्यामुळे वेध, सोवळं काही नाही आणि पुरणपोळी शिळी करून खायला मोकळीक. गंमत अशी की चंद्रावर बसून पाहिलं तर हेच सूर्यग्रहण असतं. तिथे बसलेल्या ब्लू घोस्टने पृथ्वीमागून डोकावणाऱ्या सूर्याचे फोटो पाठवले, अंगठीवर हिरा चमकावा तसे. खालच्या पोरांनी तेव्हा ह्यांना टाकीत बुडवलं होतं.

19 मार्च

रात्री अडीचला आईंच्या खोलीत दिवा दिसला. मला वाटलं दुखतंय. जाऊन बघते तर त्या मोबाईल उशीला टेकवून सुनीता विल्यम्सची वाट बघत बसलेल्या. मग मीही चहा टाकला.

सुनीता आणि बुच विल्मोर 5 जून 2024 ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आठ दिवसांसाठी म्हणून गेले होते. बोइंगच्या स्टारलायनरमध्ये हेलियमची गळती झाली, थ्रस्टर (यान वळवणारी छोटी इंजिनं) रुसले आणि सप्टेंबरात ते यान त्यांना वर सोडून रिकामंच परत आलं. आठ दिवसांचे 286 झाले. या विषयात आमच्या घराचा अभ्यास दांडगा आहे. बिल्डरने 36 महिने सांगितले होते. फरक एवढाच की सुनीताला या काळात निदान राहायला जागा होती. भाडंही नाही. वर ती स्थानकाची कमांडर झाली, आणि यानाबाहेर पडून काम करण्याचा बायकांमधला विक्रम आता तिचा आहे, नऊ वेळा मिळून 62 तास.

"काऊन गं, दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो म्हणे तिकडे?" आईंनी विचारलं. "मग कॅलेंडरवर फुल्या कशा मारायच्या?"

3 वाजून 27 मिनिटांनी त्यांना घेऊन येणारी कुपी (कॅप्सूल) समुद्रात पडली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापाशी, चार पॅराशूट, संथ पाणी. आणि आम्ही नीट बघतोय तोवर भोवती डॉल्फिन! आईंनी माझा हात धरला. तिकडे झुलासणला, तिच्या वडिलांच्या गावी, लोक दिवे लावून बसले होते. आमच्याकडे फक्त गॅसचा.

मग दार उघडलं आणि त्यांना एकेक करून बाहेर घेऊन स्ट्रेचरवर ठेवलं. वजनाशिवाय इतके दिवस काढल्यावर हाडं-स्नायू कामाची सवय विसरतात, तोलसुद्धा नीट राहत नाही. म्हणून सुमारे 45 दिवस व्यायाम, पुन्हा चालायला शिकायचं, असं बातमीत होतं.

आईंनी चष्मा (डोक्यावरचा) डोळ्यांवर घेतला, कालनिर्णय मागितलं आणि बोटाने फुल्या मोजल्या. 28 जानेवारीपासून आज पन्नास.

"पंचेचाळीस," त्या म्हणाल्या. "बघू. फिजिओ कोण आहे त्यावर अवलंबून."

मग वॉकर जवळ ओढून घेतला, पाय लांब ठेवले, वाकल्या, उठल्या आणि बाथरूमकडे निघाल्या. मी मागून निघाले तर न वळताच म्हणाल्या, "तू झोप. तुला 8.12 पकडायची आहे."